खाच, खुंटी आणि लाल टिकली

गेल्या हिवाळ्यात काका तीन महिने आमच्याकडे ओहायोत राहिले. वय चौऱ्याहत्तर. कोल्हापुरात तीसेक वर्षं त्यांनी पोरापोरींना पिस्तूल शिकवलं. मी बावन्नचा. कोल्हापुरात असताना मी त्यांच्याकडे कधी शिकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पिस्तूल हातात घेतलं ते इथं, चाळिशी उलटल्यावर. गोल टार्गेटवर एका हाताने नेम मारायचा इथला जुना खेळ आहे, त्याला बुल्सआय म्हणतात. हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो, म्हणून बंद रेंजमध्ये ५० फुटांवर लहान केलेली टार्गेटं लावतात. दर गुरुवारी संध्याकाळी मी तिथे असतो.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या .२२ च्या रुगर मार्क फोरवर रेड डॉट बसवायला घेतला. मॅगझिन बाहेर, चेंबर दोनदा पाहिलेला, गोळ्यांचा डबा वरच्या खोलीत. काका समोरच्या खुर्चीत बसले. पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला इथल्या कायद्यात काही थोडे अपवाद सोडले तर बंदूक हाताळता येत नाही, त्यामुळे तीन महिन्यांत त्यांनी पिस्तुलाला बोटही लावलं नाही. आयुष्यभर पिस्तुलावर जगलेला माणूस चहाच्या कपाभोवती हात धरून बसलेला मला बघवत नव्हता. पण बोलायला बंदी नव्हती. त्या शनिवारचं आणि पुढच्या काही आठवड्यांतलं आमचं बोलणं इथे उतरवतो आहे.

काका : कशाला लावतोस ते? पिस्तुलाला साइट आहे की.

मी : आहे, पण मला ती दिसत नाही, काका. पुढची खुंटी सगळी धूसर.

काका : मग चष्मा बदल. पिस्तूल कशाला बदलायचं?

मी : ते करून झालं. वाचायच्या चष्म्यातून खुंटी थोडी बरी दिसते, पण टार्गेट पार नाहीसं होतं. लांबच्या चष्म्यातून टार्गेट स्वच्छ, आणि खुंटीच्या जागी नुसती करडी सावली.

काका : टार्गेट धूसरच दिसायला पाहिजे. पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो. मागची खाच, पुढची खुंटी आणि लांबचं टार्गेट, ही तीन अंतरं झाली. डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो. खुंटी धारदार ठेवायची, बाकी दोन सोडून द्यायची. काळ्या गोलाखाली पांढऱ्यात नेम धरायचा आणि तिथे खुंटीकडे बघत राहायचं.

मी : वीस वर्षांच्या डोळ्याला ते सांगता येतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं. सांगितलं तरी ते हातभर अंतरावर ठरत नाही.

काका : पण खुंटीच का, हे माहीत आहे का तुला? हिशोब सांगतो. खाच आणि खुंटी यांच्यात २० सेंटिमीटर अंतर धर. खुंटी खाचेत अर्धा मिलिमीटर डावीकडे गेली, तर २५ मीटरवर गोळी किती सरकेल? जवळजवळ ६२ मिलिमीटर. आपल्या २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचा गोल आहे ५० मिलिमीटरचा. म्हणजे गोळी दहातून थेट आठात. आता उलटं बघ. खुंटी खाचेत बरोबर आहे, आणि मनगट न वळता सगळा हातच पाच मिलिमीटर डावीकडे गेला, तर गोळीही पाचच मिलिमीटर जाते. म्हणजे हात हलला तरी चालतो, खुंटी हललेली चालत नाही.

मी : हाच हिशोब तर मी तुम्हाला सांगणार होतो. रेड डॉटमध्ये ही जुळवणीच उरत नाही.

पिस्तूल टेबलावर ठेवून मी साइट तेवढी त्यांच्या हातात दिली. नुसती साइट म्हणजे काही बंदूक नव्हे, तिला हात लावायला त्यांना कुणाची मनाई नव्हती. ही माझी साइट नळीची आहे. आत एक बारीक लाल दिवा असतो आणि पुढे किंचित वाकवलेली काच. काचेवरचा थर लाल रंग तेवढा परतवतो, बाकीचा उजेड जाऊ देतो. दिवा काचेच्या नाभीवर (फोकसवर) बसवलेला असल्यामुळे परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, आणि टिकली काचेवर न दिसता पार लांब, टार्गेटच्या अंगावर टेकल्यासारखी दिसते. डोळ्याला एकच अंतर सांभाळायचं राहतं, आणि तेही लांबचं. म्हाताऱ्या डोळ्याला लांबचंच सोपं. कल्पना मुळात डब्लिनचे दुर्बीण घडवणारे हॉवर्ड ग्रब यांची. १९०० साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं, तेव्हा असले दिवे नव्हते. बॅटरीवर चालणारी साइट बाजारात आणली ती स्वीडनच्या एमपॉइंटने, १९७५ मध्ये.

काका : म्हणजे ही टिकली नळीत कुठल्याही कोपऱ्यात दिसली तरी गोळी टिकलीवरच?

मी : जवळजवळ. टिकली अगदी काठावर असेल आणि टार्गेट जवळ असेल, तर थोडी चूक राहते. पण अर्ध्या मिलिमीटरला ६२ मिलिमीटर, असली नाही.

ते नळी डोळ्याशी धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ बघत राहिले.

काका : पण ही गोल कुठे आहे? हिला शेपूट आहे. स्वल्पविरामासारखी दिसते.

मी नळी घेऊन पाहिली. मला गोल दिसली. मग कागदाला सुईने भोक पाडलं आणि त्यातून बघायला सांगितलं. शेपूट गेलं. साइटमध्ये दोष असता तर भोकातूनही तो दिसला असता. सुईच्या भोकातून टिकली गोल झाली, म्हणजे दोष बुबुळाच्या वळणात, ज्याला डॉक्टर अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. ज्यांना टिकली फाटलेली, दुहेरी किंवा चांदणीसारखी दिसते, त्यांनी साइट दुकानात परत करण्याआधी एवढं करून बघावं. काकांनी कागद खाली ठेवला. तासभर ते काही बोलले नाहीत.

तेवढ्या वेळात मी काम उरकलं. या पिस्तुलाची रचना साइट बसवायला फार सोयीची आहे. १९४९ साली रुगरने पहिलं .२२ पिस्तूल काढलं तेव्हापासून वरची नळी आणि बॅरल एकाच तुकड्यासारखी घट्ट असतात, बोल्ट आतल्या आत मागेपुढे होतो. मोठ्या पिस्तुलांची स्लाइड प्रत्येक गोळीला मागे आपटते आणि तिच्यावरची साइटही तिच्याबरोबर आपटते. इथे तसं होत नाही, साइट बसल्या जागी बसून राहते. मार्क फोर २०१६ मध्ये आलं, त्याला मागे एक बटण दिलं आहे. ते दाबलं की सांगाडा खाली झुकतो आणि वरचा भाग सुटा होतो, त्यामुळे साफसफाईसाठी साइट काढावी लागत नाही. टार्गेट मॉडेलला वर रेल बसवायची छिद्रं कारखान्यातच आटे पाडून तयार असतात, वर छोटे स्क्रू घालून बुजवलेली. ते काढायचे, रेल ठेवायची, तिचे स्क्रू आवळायचे.

ऐकायला सोपं वाटतं. ऑक्टोबरात मी हेच घाईने केलं होतं. छिद्रांतलं कारखान्याचं तेल पुसलं नाही, स्क्रूला डिंक लावला नाही. तीन गुरुवार गोळ्या हळूहळू डावीकडे सरकत गेल्या. आधी गोळ्यांची पेटी बदलली, मग ग्रिप बदलून पाहिली, मग स्वतःच्या बोटाला दोष दिला. शेवटी एकदा अंगठ्याने साइट दाबून पाहिली तर अख्खी रेल हलली. म्हणून या वेळी छिद्रं आणि स्क्रू स्पिरिटने पुसून कोरडे केले. पुन्हा काढता येईल असा निळा थ्रेडलॉकर थेंबभर लावला, लाल नव्हे, कारण लाल लावला की तापवल्याशिवाय स्क्रू निघत नाही. सगळे स्क्रू आधी हाताने टेकवले, मग आळीपाळीने आवळले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून रेलपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. रेलचे स्क्रू मूळ पाकिटातलेच वापरावेत. लांब स्क्रू आत टोचून बोल्टला घासू शकतो.

काका : ऑक्टोबरात स्क्रू ढिला झालाय हे कळायला किती गोळ्या लागल्या?

मी : तीनशेच्या आसपास.

काका : बघ. तुझ्या आणि टार्गेटच्या मध्ये आता बॅटरी आली, काच आली, चार स्क्रू आले. खाच आणि खुंटी लोखंडात कोरलेली असतात. ती विझत नाहीत.

मी : बॅटरी दोन बोटांत मावते, एक जादा खिशात ठेवतो. आणि लोखंडी साइटचा स्क्रूही फिरतोच की.

काका : ते सोड. मुख्य गोष्ट ही, की आमच्या खेळात हे चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात पिस्तुलाला फक्त ओपन साइट. भिंग, आरसा, टिकली, लेझर, काही नाही. साइटला साधं चष्म्याचं भिंगही चिकटवता येत नाही, चष्मा घालायचा तो डोळ्याला घाला. २०१८ च्या एशियाडला पालेमबांगमध्ये आपल्या राहीची आणि थायलंडच्या मुलीची फायनल ३४ वर बरोबरीत सुटली. शूटऑफ झाला, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूटऑफमध्ये राहीने सोनं घेतलं. एशियाडच्या नेमबाजीत सोनं घेणारी पहिली भारतीय बाई, आपल्या कोल्हापूरची. आणि ते सगळं एक खाच आणि एक खुंटी यांच्यावर. तीन सेकंदांत हात खालून वर आणायचा, खुंटी खाचेत बसवायची आणि गोळी सोडायची. तुझी टिकली असती तर त्या तीन सेकंदांना काय किंमत राहिली असती?

हा मुद्दा मला खोडता आला नाही, आजही येत नाही. त्या खेळात खाच-खुंटीची जुळवणी हाच परीक्षेचा अर्धा पेपर आहे. तो काढून घेतला तर वेगळीच परीक्षा होईल.

मी : मला तुमच्या खेळात टिकली आणायचीच नाही, काका. माझा खेळ वेगळा आहे. इथे ५० यार्डांवर एका हाताने दहा गोळ्या सावकाश मारायच्या. मग २५ यार्डांवर पाच गोळ्या २० सेकंदांत, आणि पाच गोळ्या १० सेकंदांत. नियमात रेड डॉट चालतो. एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. तिथे फायरिंग लाइनवर उभे राहा आणि वयं बघा. साठ, सत्तर. त्यातल्या बहुतेकांच्या पिस्तुलावर नळी आहे म्हणूनच ते तिथे आहेत.

काका : डोळा हाही खेळाचाच भाग आहे. तालमीत गुडघा गेलेल्या पैलवानाला कुणी तिसरा पाय देतं का? तो लंगोट खुंटीला अडकवतो आणि वस्ताद होतो.

मी : तुम्ही तसे वस्ताद झालात का?

प्रश्न तोंडून गेला आणि मला वाटलं, जास्त बोललो. काकांनी कप बाजूला सारला.

काका : सत्तेचाळिसावं चालू होतं. दोन वर्षं स्कोअर घसरत होता. मला वाटलं, हात गेला. सकाळी पाचला उठून वाळूची बाटली हातात धरून उभा राहायचो, दहा-दहा मिनिटं. स्कोअर आणखी खाली. राज्य स्पर्धेत एकदा चारदा सात लागले, तेही प्रिसिजनला. त्या दिवशी पिस्तूल क्लबाच्या कपाटात ठेवलं आणि पोरांना शिकवायला लागलो. कुणाला काही सांगितलं नाही. तुझ्या काकूलाही नाही. आता तू ते कागदाचं भोक दाखवलंस. हात गेला नव्हता रे. खुंटी दिसत नव्हती.

दोघांनाही पुढे काही सुचलं नाही. मी चहा पुन्हा गरम केला.

काकांच्या नियमांत राहूनही त्यांच्या डोळ्याला इलाज होता, आणि तो साधा होता. पिस्तूलवाल्याची खुंटी डोळ्यापासून मीटरभराच्या आत असते. लांबच्या नंबरात साधारण अधिक अर्धा ते पाऊण डायॉप्टर मिळवला, की खुंटी धारदार होते आणि काळा गोलही हरवत नाही. वाचनाचा चष्मा यासाठी फार जाड पडतो, तो पुस्तकाच्या अंतराचा असतो. एवढी गोष्ट सत्तेचाळिसाव्या वर्षी काकांना कुणी सांगितली असती तर! मला याचा राग येतो. आपल्याकडे नेमबाजाचा हात, श्वास, मन, सगळ्यांवर बोलणारे भेटतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना खुंटीचं अंतर घेऊन जा, हे सांगणारा भेटत नाही.

पुढच्या गुरुवारी काका माझ्याबरोबर रेंजवर आले. कानांवर मफ, मागच्या बाकावर बसून दुर्बिणीतून टार्गेट बघत. टिकली तीन एमओएची, कोनाच्या तीन मिनिटांची. म्हणजे २५ यार्डांवर तिचा आकार २० मिलिमीटर, ५० यार्डांवर ४०. त्या अंतरांच्या पूर्ण आकाराच्या टार्गेटवर दहाचा गोल ८५ मिलिमीटरचा, त्यामुळे टिकली त्यात आरामात बसते. सहाची टिकली जलद फेरीत पटकन सापडते, पण सावकाश फेरीत गोल झाकून टाकते. उजेड मी नेहमी कमी ठेवतो, जेमतेम दिसेल इतका. भडक टिकली पसरते.

पहिल्या दहा गोळ्यांत माझा स्कोअर ८८. काकांनी टार्गेट पाहिलं नाही, माझं बोट पाहिलं.

काका : टिकली थरथरते ना फार?

मी : फार. खाच-खुंटीला एवढी थरथरत नव्हती.

काका : तेवढीच थरथरायची. तेव्हा तुला ती दिसत नव्हती. आता दिसते, म्हणून तू तिच्या मागे धावतोस. टिकली दहावरून जायला लागली की बोट झटकन ओढतोस. सगळ्या चुकलेल्या गोळ्या खाली-डावीकडे आहेत, बघ. थरथर आहे तशी राहू दे. तिला काळ्यातल्या काळ्यात फिरू दे. बोट मात्र एकसारखं येत राहिलं पाहिजे, थांबायचं नाही आणि घाईही नाही.

दुसऱ्या दहांत ९३. तिसऱ्या दहांत ९४.

घरी आल्यावर त्यांनी रिकाम्या पिस्तुलाचा सराव लावून दिला. .२२ च्या रिमफायर काडतुसात बार काठात असतो, त्यामुळे घोड्याची सुई चेंबरच्या काठाच्या दिशेने पडते. काही पिस्तुलांत रिकामं चालवून तो काठ दबतो. म्हणून भिंतीत स्क्रू धरायला घालतात ती पिवळी प्लॅस्टिकची गिट्टी मी चेंबरमध्ये घालतो आणि दर काही वेळाने फिरवतो. कोऱ्या भिंतीवर टिकली धरायची आणि ट्रिगर सुटताना ती कुठे उडते ते बघायचं. काका तिच्याकडे बघू शकत नव्हते, पण मी मोठ्याने सांगायचो, डावीकडे, खाली, जागीच, जागीच. ते बोटाची पेरं बघत दुरुस्त करायचे. तीन आठवड्यांत मला जे समजलं ते आधीच्या आठ वर्षांत समजलं नव्हतं.

काका : शिकवायला चांगली आहे तुझी टिकली. हे मान्य. पोराच्या हातात काय चाललंय ते पोराला स्वतःलाच दिसतं. आम्हाला ते बोटं बघून ओळखावं लागायचं.

मी : मग नव्या मुलांना आधी टिकलीवरच शिकवावं. एकाच गोष्टीकडे लक्ष, ट्रिगर. तो बसला की खाच-खुंटी.

काका : नाही. आधी खाच-खुंटी. टिकलीवर वाढलेलं पोर पुन्हा खुंटीकडे बघायचा कंटाळा करतं.

मी : तुमच्याकडे आलेली किती मुलं पहिल्या सहा महिन्यांत सोडून गेली?

काका : पुष्कळ. पण राहिली ती पक्की राहिली.

यावर आमचं जमलं नाही. माझं मत तेच आहे. सोडून गेलेल्या मुलांत चांगल्या हाताची मुलंही असणार, आणि त्यांची मोजणी कुणी ठेवलेली नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर ५० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे गोळी टिकलीवरच पडेल अशी साइट जुळवली. सत्तेचाळीस गोळ्या लागल्या. साइट बॅरलच्या दीड इंच वर आहे, त्यामुळे ५० यार्डांवर बरोबर बसवलेलं पिस्तूल २५ वर साधारण अर्धा इंच वर मारतं. माझ्या साइटला एक क्लिक म्हणजे एक एमओए, म्हणून २५ यार्डांच्या फेरीआधी मी दोन क्लिक खाली येतो. हे आकडे ग्रिपच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहेत. रेल मागच्या साइटच्या पुढे बसते, त्यामुळे मूळची खाच काकांच्या आग्रहाने तशीच ठेवली. महिन्यातून एका गुरुवारी नळी काढून तिच्यावर मारतो. स्कोअर दहा-बारा गुणांनी खाली येतो.

काका एप्रिलमध्ये परत गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना लांबच्या नंबरात अधिक पाऊण आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर घालून एका डोळ्याचा चष्मा करून दिला. क्लबाच्या एअर पिस्तुलावर, ओपन साइटने, ते आता मंगळवारी आणि शनिवारी चाळीस गोळ्या मारतात. टिकली त्यांनी घेतली नाही आणि घेणारही नाहीत.

चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजांना माझी एक विनंती आहे. रेड डॉट घ्यायचा असो वा नसो, पिस्तूल रिकामं करून नेहमीसारखा हात लांब धरा, आणि घरातल्या कुणाला तरी डोळ्यापासून पुढच्या खुंटीपर्यंतचं अंतर फितीने मोजायला सांगा. तो आकडा कागदावर लिहून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. माझा ९१ सेंटिमीटर आहे, काकांचा ८४.